उभ्या गाडीचंही वय वाढतं

मे महिन्यात नागपुरातल्या गॅरेजमध्ये एक कोडं हमखास समोर येतं. एकाच वर्षी घेतलेल्या दोन मारुती ८०० घ्या. एक रोज वाडीहून सीताबर्डीला ये-जा करते, तिचे दीड लाख किलोमीटर झालेत. दुसरी शेडखाली कव्हर घालून ठेवलेली, महिन्यातून एखाद्या वेळी बाहेर निघणारी, सगळे मिळून तीस हजार किलोमीटर चाललेली. बाहेरगावच्या लग्नाला जायचं ठरतं तेव्हा घरातले दुसरीच गाडी निवडतात, कारण ती ‘कमी चाललेली’ आहे. आणि अमरावती रोडवर कोंढाळीच्या आसपास तिचाच रेडिएटरचा वरचा पाइप फुटतो, बोनेटखालून वाफ निघते. रोज राबणारी गाडी मात्र घरी ठणठणीत उभी असते.

गाडीचं वय आपण किलोमीटरमध्ये मोजतो आणि बऱ्याच भागांना ते माप लागूही पडतं. क्लच प्लेट, ब्रेक शू, पिस्टनच्या रिंगा घासून झिजतात. घासलं नाही तर झिजत नाहीत. पण पट्टे आणि पाइप रबराचे असतात आणि रबर प्रामुख्याने रासायनिक बदलांनी म्हातारं होतं. त्याला इंजिन सुरू असावं लागत नाही. उष्णता, हवेतला ऑक्सिजन, ओझोन आणि पाइपातलं पाणी एवढं पुरतं, आणि नागपुरात यातली पहिली गोष्ट भरपूर आहे. म्हणून जुन्या गाडीचे पट्टे आणि पाइप किती चालले यापेक्षा ते किती वर्षांचे झाले हे बघून बदलावेत, आणि ‘वरून चांगले दिसतात’ या निकषावर तर अजिबात विसंबू नये. असं का, ते पुढे क्रमाने पाहू.

कारखान्यात न थांबणारी क्रिया

रबर म्हणजे हजारो अणूंच्या लांबलचक साखळ्यांचा गुंता. कच्च्या रबरात या साखळ्या एकमेकींवरून सहज घसरतात; त्यामुळे ते उन्हात चिकट होतं आणि थंडीत कडक. अमेरिकेतल्या चार्ल्स गुडइयर यांना १८३९मध्ये असं आढळलं की, रबरात गंधक मिसळून ते तापवलं तर हा दोष जातो. १८४४मध्ये त्यांना त्याचं पेटंट मिळालं. गंधक साखळ्यांना ठिकठिकाणी एकमेकींशी जोडतं. हे दुवे मोजके असतात, म्हणून रबर ताणलं की लांबतं आणि सोडलं की मूळ आकारात येतं. आज बहुतेक पट्टे आणि पाइप नैसर्गिक रबराऐवजी कृत्रिम रबराचे असतात आणि काहींत गंधकाऐवजी दुसरी रसायनं वापरतात, पण लवचीकपणाचं मूळ तेच: लांब साखळ्या आणि त्यांच्यातले मोजके दुवे.

मात्र कारखान्यातून बाहेर पडल्यावर ही क्रिया पूर्ण थांबत नाही. उष्णता मिळत राहिली की ऑक्सिजन साखळ्यांवर हल्ला करतो, नवे दुवे तयार होतात, काही साखळ्या तुटतात. दुवे वाढले की रबर कडक होतं, साखळ्या तुटल्या की मऊ आणि चिकट. गाडीतल्या बहुतेक पाइपांचं आणि पट्ट्यांचं उष्णतेमुळे कडक होणंच आपल्याला जास्त दिसतं. घरातल्या कुकरची रिंग आठवा. दोन-तीन वर्षांनी ती फाटलेली नसते, तिला भेगही नसते. पण ती कडक होऊन दाबल्या आकारातच बसते आणि शिट्टीऐवजी झाकणाच्या कडेने वाफ निघू लागते. रेडिएटरच्या पाइपाचं क्लिपखालचं टोक अगदी असंच होतं. क्लिप जागच्या जागी असते, पण तिला उलट दाब देणारा रबराचा जोर संपलेला असतो. मग इंजिन थंड असताना तिथून कूलंट झिरपतं, इंजिन तापून भाग फुगले की गळती थांबते. मेकॅनिकला गाडी दाखवावी तोवर गळती गायब झालेली असते, ती यामुळेच.

रासायनिक क्रिया तापमानाबरोबर किती वेगाने वाढतात याचा नियम स्वीडनच्या स्वांटे अऱ्हेनियस यांनी १८८९मध्ये मांडला. व्यवहारात त्याचा एक ढोबळ अंदाज वापरतात: दर १० अंशांना वेग साधारण दुप्पट. हा अंदाज प्रत्येक रबराला काटेकोर लागू होत नाही, पण आपलं कोडं सोडवायला तो उपयोगी आहे. चालू इंजिनातलं कूलंट सुमारे ९० अंशांवर असतं. उभ्या गाडीचं वर्षभराचं सरासरी तापमान ३० अंश धरा. फरक ६० अंशांचा, म्हणजे वेगाच्या सहा दुपटी, चौसष्ट पट. रोज एक तास चालणाऱ्या गाडीचा पाइप दिवसाला चौसष्ट अधिक तेवीस, म्हणजे ८७ ‘थंड तास’ म्हातारा होतो. दिवसभर उभ्या गाडीचा २४ तास. थोडक्यात, एकही किलोमीटर न चालता उभ्या गाडीचं रबर चालत्या गाडीच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त वेगाने म्हातारं होतं. आता हाच हिशेब मे महिन्यासाठी करा आणि उभ्या गाडीचं तापमान ४० धरा. चालवण्यातला फरक पाच दुपटींचा, बत्तीस पट उरतो. चालती गाडी ५५, उभी २४. प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येतं. रोजच्या गाडीचे पाइप मीटर बघून मध्ये बदलले जातात; शेडखालच्या गाडीचे मात्र मूळचेच राहतात, म्हणून आधी तेच फुटतात. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, उन्हात लावलेल्या गाडीचं बोनेट ४० अंशांवर थांबत नाही, हे लक्षात घेतलं तर हा हिशेबही सौम्यच आहे. मे २०१३मध्ये नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि तो सावलीतला पारा.

इथे एक रास्त शंका निघते. इंजिनाचं तापमान थर्मोस्टॅट ठरवतो. मग बाहेर २५ असो की ४५, पाइपाला काय फरक पडतो? पाइपाच्या आतल्या पृष्ठभागापुरती ही शंका बऱ्याच अंशी खरी आहे. पण थर्मोस्टॅट इंजिन पुरेसं तापेल एवढंच पाहतो; ते फार तापू नये हे रेडिएटर आणि पंख्याचं काम आहे, आणि त्यांना मिळणारी हवाच ४५ अंशांची असेल तर त्यांची कुवत घटते. एसी लावून वर्धा रोडवरच्या सिग्नलला थांबलेल्या जुन्या गाडीचा काटा वर सरकतो तो यामुळे. शिवाय पट्ट्यांना आणि पाइपांच्या बाहेरच्या थराला कूलंटचं तापमान लागू होत नाही. ते बोनेटखालच्या हवेत जगतात. आणि इंजिन बंद केल्यावर पंप थांबतो, वारा थांबतो, पण धातूतली उष्णता बाहेर येतच राहते. त्या अर्ध्या तासात बोनेटखालची हवा धावत्या गाडीपेक्षाही जास्त तापते. बाहेर ४५ असेल तर ती निवायलाही उशीर लागतो.

ओझोनच्या भेगा

जुन्या पट्ट्यावर किंवा पाइपाच्या वाकलेल्या भागावर बारीक समांतर भेगा दिसतात. त्या ताणाच्या दिशेला काटकोनात असतात. हे ओझोनचं काम. सूर्यप्रकाशात वाहनांच्या धुरातल्या वायूंपासून जमिनीलगत ओझोन तयार होतो, म्हणून कडक उन्हाच्या दुपारी तो जास्त असतो. नैसर्गिक रबराच्या साखळीत जागोजागी दुहेरी बंध असतात आणि ओझोन नेमका त्यांवर घाव घालतो. रबर सैल असेल तर नुकसान पृष्ठभागापुरतं राहतं. ताणलेलं असेल तर तुटलेली साखळी उघडते, खालचा ताजा थर उघडा पडतो आणि भेग खोल जाते. रबराची ओझोन चाचणी प्रयोगशाळेत साधारणपणे नमुना ताणून, ४० अंश तापमानाला करतात. नागपूरच्या मे महिन्यातल्या साध्या दुपारचं हे तापमान आहे. ओझोनचं प्रमाण मात्र चाचणीत शहरातल्या हवेपेक्षा कितीतरी जास्त ठेवतात, नाहीतर निकाल यायला वर्षं लागतील.

यावर उपाय म्हणून रबरात मेण आणि ओझोनरोधक रसायनं मिसळतात. ती हळूहळू पृष्ठभागावर येऊन पातळ थर धरतात. रबर हलत-वाकत राहिलं की हा थर नव्याने भरून येतो. एकाच स्थितीत ताणून बसलेल्या रबरात तो तितका भरत नाही. शेडखालच्या गाडीचा फॅन बेल्ट महिनोन्‌महिने पुलीवर एकाच जागी वाकून, ताणात उभा असतो, आणि त्याच वाकणावर भेगा दाट दिसतात.

आतून पोखरला जाणारा पाइप

आता ‘चांगला दिसतो’ या निकषाकडे येऊ. ओझोनच्या भेगा डोळ्यांना दिसतात म्हणून भेग नाही तर पाइप ठीक, असा समज रुळला. पण अलीकडच्या कूलंट पाइपांसाठी इपीडीएम नावाचं रबर वापरतात. त्याच्या मुख्य साखळीत दुहेरी बंधच नाहीत, त्यामुळे ओझोन त्याचं फारसं काही करू शकत नाही. असा पाइप दहा वर्षांनीही बाहेरून काळाभोर, गुळगुळीत दिसतो. तरी तो फुटतो, कारण तो आतून पोखरला गेलेला असतो.

रबराला बळकटी यावी म्हणून त्यात काजळी, म्हणजे कार्बन, मिसळतात. कार्बन वीज वाहून नेतो. एका टोकाला इंजिनाचा धातू, दुसऱ्या टोकाला रेडिएटरचा दुसराच धातू, मध्ये क्षारयुक्त पाणी आणि त्याला लागून वीजवाहक रबर: या सगळ्याचा मिळून एक दुबळा विजेचा घट तयार होतो. त्या क्षीण प्रवाहाने पाइपाच्या आतल्या थरात केसासारख्या उभ्या भेगा पडतात. पाइपाच्या मधल्या थरात दाब सोसणारी धाग्यांची वीण असते. भेगांतून कूलंट तिथे पोचतं, धागे कमजोर होतात आणि एखाद्या दिवशी दाब वाढला की पाइप फाटतो. रेडिएटरच्या झाकणामुळे यंत्रणेत हवेच्या दाबाच्या जवळपास दुप्पट दाब असू शकतो. हे नुकसान बहुधा टोकांच्या दोन इंचांत, धातूच्या नळकांड्याजवळ होतं आणि सर्वांत गरम असणाऱ्या वरच्या पाइपात जास्त. पट्टे-पाइप बनवणाऱ्या कंपन्यांनी गेल्या शतकाच्या शेवटी हे शोधून काढल्यावर अशा झिजेला टिकणारे पाइप वेगळे बनू लागले. जुन्या गाडीच्या मूळ पाइपांना हे संरक्षण असेलच असं नाही.

इथे नागपूरकरांचा नेहमीचा प्रश्न येतो: आपल्याकडे पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला? नळाचं पाणी घातलं तर काय बिघडलं? नाव ‘कूलंट’ असलं तरी त्यातलं गोठणरोधक हा त्याचा अर्धाच भाग आहे. दुसरा अर्धा म्हणजे धातूचा गंज आणि विजेची क्रिया रोखणारी रसायनं. तीच आपल्या कामाची. बोअरच्या पाण्यात क्षार किती असतात हे उन्हाळ्याअखेर कूलरच्या जाळीवर साचलेल्या पांढऱ्या थरावरून कळतं. तेच क्षार वरच्या घटाला बळ देतात आणि रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवतात. कूलंटमधली रसायनं काळाबरोबर खर्च होतात. उभ्या गाडीत आठ वर्षांपूर्वीचं हिरवं पाणी अजून हिरवंच दिसतं, पण रंग म्हणजे संरक्षण नव्हे. योग्य कूलंट, क्षारमुक्त पाणी आणि दोन-तीन वर्षांनी बदल, हे पाइपांचं आयुष्य वाढवण्याचं सर्वांत स्वस्त साधन आहे.

> चौकट: हाताने काय कळतं?
> इंजिन पूर्ण थंड असताना, रेडिएटरचं झाकण न उघडता, पाइप आधी मध्यभागी आणि मग दोन्ही टोकांशी अंगठ्याने दाबा. टोक मध्यापेक्षा पिचपिचीत लागत असेल किंवा आत काही चुरचुरल्यासारखं जाणवत असेल, तर आतला थर गेलेला आहे. लाकडासारखा कडक असेल तर उष्णतेने गेला. एका जागी फुगलेला आणि तेलकट असेल तर इंजिनाचं तेल लागून गेला, कारण इपीडीएम पाण्याला जितकं टिकतं तितकं खनिज तेलाला टिकत नाही. मात्र तिन्ही खुणा नसल्या तरी पाइप निर्दोष ठरत नाही. तो किती वर्षांचा हे माहीत नसेल तर बदलणंच बरं.

पट्ट्याचं दुखणं वेगळं

पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर यांसारख्या गाड्यांत इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचा एकच पट्टा पंखा, पाण्याचा पंप आणि डायनॅमो किंवा अल्टरनेटर फिरवतो. हा पट्टा पुलीच्या तळाला टेकत नाही. दोन्ही बाजूंनी खाचेत दबून तो पकड घेतो. बाजू कडक होऊन चकाकू लागल्या की पकड सुटते. पट्टा घसरतो, घसरण्याने तापतो, तापल्याने आणखी कडक होतो. त्याच वेळी पंखा आणि पंप मंदावल्यामुळे इंजिन तापतं आणि बोनेटखालची हवा पट्ट्याला आणखी तापवते. एकदा सुरू झालेली ही घसरण स्वतःच वेग घेते, म्हणून असा पट्टा हिवाळाभर बरा चालून एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात अचानक दगा देतो. किंचाळणाऱ्या पट्ट्याला साबण किंवा चिकट स्प्रे लावल्याने आवाज दोन दिवस थांबतो, आजार थांबत नाही. पट्टा जास्त ताणून आवाज बंद करणं त्याहून वाईट. त्याने पंपाचे आणि अल्टरनेटरचे बेअरिंग खराब होतात.

नंतरच्या गाड्यांत पातळ, उभ्या धारींचे पट्टे आले आणि तेही आता इपीडीएमचे असतात. पूर्वीच्या निओप्रीन रबराच्या पट्ट्याला वयाबरोबर भेगा पडत, त्या मोजून मेकॅनिक निर्णय घेत. इपीडीएमच्या पट्ट्याला सहसा भेगा पडत नाहीत. त्याच्या धारी टायरसारख्या झिजतात आणि तो खाचेत खोल बसू लागतो. इथे खरोखर किलोमीटर मोजण्यात अर्थ आहे. ‘आजकालचा पट्टा लाखभर किलोमीटर जातो’ हे कंपन्यांचं म्हणणं चूक नाही, पण ते नव्या रबराबद्दल आणि वर्षाला पंधरा-वीस हजार चालणाऱ्या गाडीबद्दल आहे. शेडखालच्या गाडीला लाखाचा टप्पा गाठायला तिसाहून जास्त वर्षं लागतील.

मारुती ८००चा टायमिंग बेल्ट मात्र या सगळ्यांहून गंभीर. तो झडपांची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवतो, झाकणाआड असतो, दिसत नाही आणि तुटण्यापूर्वी बहुधा इशारा देत नाही. तो तुटला की इंजिन जागीच बंद, आणि काही गाड्यांच्या इंजिनांत पिस्टन झडपांवर आदळून त्या वाकतात. पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसेडरमध्ये या जागी धातूची साखळी आहे. ८००चं उत्पादन जानेवारी २०१४मध्ये थांबलं, म्हणजे शेवटच्या गाडीचा मूळ टायमिंग बेल्टही दहा वर्षांच्या पुढे गेला. मीटरवर कितीही कमी आकडा असो, तो बदलल्याची पावती हाताशी नसेल तर बदलला नाही असंच धरावं.

पेट्रोलची नळी

पाइप फुटला तर गाडी थांबते. पेट्रोलची नळी झिरपली तर आग लागू शकते. या नळ्या नायट्राइल रबराच्या असतात. ते पेट्रोलला टिकतं, पण इथेनॉल त्यात शिरून त्याला फुगवतं आणि त्यातली मऊपणा देणारी द्रव्यं बाहेर काढतं. नंतर नळी सुकली की चिरते. इथेनॉलवर चालणारी बस नागपुरात २०१४मध्ये रस्त्यावर आली होती आणि शहराचे खासदार नितीन गडकरी हे इथेनॉलचे खंदे पुरस्कर्ते. पण आता वीस टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल देशभरच्या पंपांवर आहे. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५मध्ये केलेल्या खुलाशातही काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, असं म्हटलं होतं. हे काम स्वस्त आहे, हे मंत्रालयाचं म्हणणंही पटण्यासारखं आहे. प्रश्न आहे तो नळी वेळेत बदलण्याचा. कार्बोरेटरच्या गाडीत दोन-तीन फूट नळी लागते. ती इथेनॉलला चालेल अशी आहे का हे दुकानदाराला विचारून घ्यावी. पाण्याची साधी नळी तिथे कधीही चालवू नये.

‘मूळ पाइप तर वीस वर्षं टिकला’

हा आक्षेप प्रत्येक जुन्या गाडीच्या मालकाकडून येतो, आणि त्याचं उदाहरण खरंही असतं. पण वीस वर्षं टिकलेले पाइप तेवढे आपल्याला दिसतात; बाराव्या वर्षी फुटून इंजिनाचं हेड वाकवून गेलेले आणि गाडीच भंगारात घेऊन गेलेले आता दाखवायला उरलेले नाहीत. शिवाय वीस वर्षं न फुटलेला पाइप आज सुरक्षित आहे, हे त्यावरून सिद्ध होत नाही. कूलंटचे पाइप चार वर्षांच्या आसपास बदलावेत, ही उत्पादकांची नेहमीची शिफारस. ती विक्री वाढवण्यासाठी आहे, हा संशय समजण्यासारखा आहे आणि समशीतोष्ण हवेत, चांगल्या कूलंटवर पाइप त्याहून जास्त टिकतातही. नागपुरात मात्र चार-पाच वर्षांच्या पुढे ताणण्यात शहाणपण वाटत नाही. एका बाजूला काही शे रुपयांचे पाइप, दुसऱ्या बाजूला हेड गॅस्केट आणि महामार्गावरून टोइंग. समृद्धी महामार्गावर तासन्‌तास वेगाने जायचं असेल तर टायरइतकंच बोनेटखालचं रबरही बघावं.

सिलिकॉनचे पाइप घेतले की काम झालं, असंही ऐकू येतं. ते उष्णतेला खरोखर जास्त टिकतात, पण महाग असतात, त्यांतून कूलंट सावकाश झिरपून कमी होतं आणि खाचा असलेली साधी क्लिप त्यांना कापते. घ्यायचे तर सोबत क्लिपाही योग्य घ्याव्यात.

पद्मिनीसारख्या गाडीसाठी आणखी एक अडचण आहे. दुकानात मिळणारा ‘ओरिजिनल, न वापरलेला’ पाइप पॅकबंद असतो, पण रबर पाकिटातही म्हातारं होतं. रबरी वस्तूंच्या साठवणुकीसाठीचं आयएसओ २२३० हे मानक नैसर्गिक रबराला पाच, निओप्रीन आणि नायट्राइलला सात आणि इपीडीएमला दहा वर्षांची प्राथमिक मुदत देतं. तपासणीनंतर थोडी वाढवता येते. तीही २५ अंशांच्या खाली, उजेडापासून आणि ओझोन सोडणाऱ्या विजेच्या यंत्रांपासून दूर ठेवलं तर. पत्र्याच्या छपराखालच्या गोदामात पंधरा उन्हाळे काढलेला मूळ कंपनीचा पट्टा आणि आजच्या रबराचा, नावाजलेल्या कंपनीचा ताजा पट्टा यांत दुसराच घ्यावा. पट्ट्यावर उत्पादनाची तारीख किंवा तिचा सांकेतिक आकडा छापलेला असतो. दुकानदाराकडून तो समजून घ्यावा आणि बसवल्याची तारीख पावतीवर लिहून घ्यावी. जास्तीचा पट्टा डिकीत टाकून ठेवण्याची सवय चांगली आहे, फक्त नागपूरच्या उन्हाळ्यात डिकी ही रबर ठेवण्याची सर्वांत वाईट जागा. लांबच्या प्रवासापुरता तो डिकीत ठेवावा, एरवी घरातल्या बंद कपाटात, घडी न घालता सैल गुंडाळून.